मॉडिफाय केलेलं कटर मशीन नीट टेस्ट कसं करायचं: सिल्व्हर ओकपासून मत्तीपर्यंत

सायलेन्सर मोकळा केला, आवाज वाढला, हातात मशीन जरा जास्त थरथरायला लागलं की माणसाला वाटतं झालं, मशीन सुटलं. मलाही तसंच वाटलं होतं. माझं ५८ सीसीचं लाकूड कापायचं चेनसॉ मशीन, एका गॅरेजमध्ये सायलेन्सर उघडून आणि सिलिंडरखालचं गॅस्केट काढून घेतलं. घरी आल्यावर शेताच्या कडेला पडलेल्या सिल्व्हर ओकच्या ओंडक्यावर चार चकत्या मारल्या, लोण्यासारखं कापलं, शेजारचे काका म्हणाले, "काय ओ, मशीन लै पळायलंय की!" दुसऱ्या दिवशी तेच मशीन घेऊन जांबोटीच्या बाजूला वाळलेल्या मत्तीवर, म्हणजे ऐनाच्या कडक लाकडावर, लागलो आणि वीस मिनिटांत आवाज चढत चढत गेला, मग एकदम बंद. दोरी ओढली तर जड. सायलेन्सर काढून आत टॉर्च मारली तर पिस्टनवर उभे ओरखडे, धुराच्या बाजूनं.

चूक सिल्व्हर ओकनं लपवली होती. सायलेन्सर मोकळा झाला म्हणजे हवा जास्त ओढली जाणार, मग पेट्रोलही तेवढंच जास्त द्यायला पाहिजे, ते ठरवणारा कार्ब्युरेटरवरचा एच स्क्रू, त्याला कुणी हातच लावला नव्हता. मऊ लाकडात एक कट पाच-सहा सेकंदाचा, इंजिनला तापायला वेळच नाही. मत्तीत एकेक कट तीस-चाळीस सेकंदाचा, पूर्ण लोडवर, तिथं सगळं उघडं पडलं. तेव्हापासून मी कुठलंही मॉडिफाय केलेलं मशीन एका लाकडावर बघून पास करत नाही, कमीत कमी तीन प्रकारची लाकडं, आणि त्यातलं एक तरी असं की मशीनला घाम फुटला पाहिजे. ते कसं करायचं ते सगळं इथं लिहितोय, एकदा वाचून घ्या आणि मगच मशीनला हात लावा.

आधी साधं मशीन मोजून ठेवा

बहुतेक जण इथंच चुकतात. मॉडिफाय करून आणतात आणि मग विचारतात फरक किती पडला. कशापासून फरक? मशीन गॅरेजला द्यायच्या आधीच एक वही करा, त्यात कॉम्प्रेशन किती, मोकळं फिरताना आरपीएम किती, कापताना किती, कुठल्या लाकडात एक चकती किती सेकंदात पडली, हे सगळं लिहा. कॉम्प्रेशन गेज बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला कुठल्याही टू व्हीलरच्या चांगल्या मेकॅनिककडं मिळतं, प्लगच्या जागी लावायचं, थ्रॉटल पूर्ण दाबून काटा वर जायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची. चांगल्या मशीनला १५० पीएसआयच्या आसपास दाखवतं. १२० च्या खाली असेल तर मॉडिफाय करायचा विषयच सोडा, आधी रिंग-पिस्टन बघा.

जुना सायलेन्सर टाकून देऊ नका, हे खास सांगतो. जमलं तर दुसरा सायलेन्सर विकत घेऊन त्यावर काम करा. मग टेस्टच्या दिवशी तेच मशीन, तीच चेन, तोच ओंडका, फक्त सायलेन्सर बदलून दोन्ही बघता येतं. यापेक्षा खरी तुलना दुसरी नाही. फक्त सायलेन्सर बदलला की प्रत्येक वेळी ट्युनिंगही परत त्याच्याप्रमाणं करायचं, ते विसरू नका.

आणि एका वेळी एकच बदल. सायलेन्सर, गॅस्केट, पोर्टिंग (सिलिंडरमधली भोकं घासून मोठी करणं), टायमिंग, आठ दाती स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातांचं चाक) असं सगळं एकदम करून आणलं तर कशानं फायदा झाला आणि कशानं तोटा हे देवालाही कळायचं नाही. गॅस्केट काढलं असेल तर पिस्टन आणि हेडमधली फट बघितल्याशिवाय मशीन चालूच करू नका. सोल्डरची मऊ तार प्लगच्या भोकातून आत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत घालायची, दोरीनं हळू एक फेरा फिरवायचा, तार बाहेर काढून चेपलेलं टोक व्हर्नियरनं मोजायचं. अर्धा मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर गॅस्केट परत घाला.

लाकूड कुठलं घ्यायचं

आपल्या भागाचं हे भाग्यच म्हणायचं, बेळगावपासून दक्षिणेला, नैऋत्येला खानापूर, कणकुंबीकडं गेलं की मत्ती, नंदी, जांभूळ, किंजळ, आणि उत्तरेला चिकोडी, अथणीकडं गेलं की बांधावरची बाभूळ, कडुलिंब, चिंच. एका जिल्ह्यात एवढी वेगवेगळी लाकडं असताना एकाच ओंडक्यावर टेस्ट करणं म्हणजे वाया घालवणं आहे.

पण त्याआधी एक गोष्ट. टेस्टसाठी उभं झाड पाडायचं नाही. कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी बऱ्याच जातींना वन खात्याची परवानगी लागते, वादळानं पडलेलं असलं तरी आधी विचारून घ्या. सॉ मिलवर जाऊन टोकाचे तुकडे मागा, ते देतात, आणि कागदाची कटकटही राहात नाही.

मऊ लाकूड म्हणून सिल्व्हर ओक किंवा सावर घ्या. सावर तर एवढी हलकी की वाळल्यावर घनमीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास भरते. यात मशीनची ताकद कळत नाही, चेनचा वेग कळतो. स्प्रॉकेट बदललं असेल, मोकळा आरपीएम वाढला असेल, तर फायदा इथं सगळ्यात जास्त दिसणार, आणि म्हणूनच गॅरेजवाला दाखवायला नेहमी असलंच लाकूड काढतो.

मधलं म्हणून ताजी निलगिरी किंवा आंबा. निलगिरी पाडून आठ दिवस झाली तोपर्यंत ठीक, वाळली की तीच निलगिरी अशी कडक होते की वेगळंच झाड वाटतं. त्यामुळं वहीत नुसतं निलगिरी लिहून उपयोग नाही, पाडून किती दिवस झाले तेही लिहा. शिवाय निलगिरीच्या खोडात ताण असतो, कापता कापता ओंडका फाकतो किंवा बार, म्हणजे चेन फिरते ती पट्टी, चावतो, म्हणून दोन्ही बाजूला टेकण देऊन मधे कापू नका, एक टोक हवेत लोंबतं ठेवून तिथली चकती पाडा.

कडक म्हणून मत्ती, म्हणजे ज्याला मराठी पुस्तकात ऐन म्हणतात. घनमीटरला साधारण साडेआठशे किलो. साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली आणि त्या भेगांत धूळ, वाळू, मुंग्यांची माती सगळं भरलेलं. टेस्टच्या आधी कोयत्यानं कापायच्या जागेची साल सगळी सोलून घ्या, नाहीतर पहिल्याच कटात धार जाते आणि तुम्ही दोष मशीनला देता. मत्ती नाही मिळाली तर वाळलेली बाभूळ चालते, पण बांधावरच्या बाभळीत हमखास खिळा, तारेचा तुकडा, कुंपणाची जाळी आत गाडलेली असते, झाड वाढताना गिळून टाकतं. लोहचुंबक सालीवरून फिरवा आणि जिथं लाकडात निळा-काळा डाग दिसेल तिथं चेन लावूच नका, लोखंडाच्या गंजानं बाभळीचं लाकूड काळं पडतं ती खूण आहे.

सागवानाबद्दल लोकांचा गैरसमज आहे. साग कापायला मऊच लागतो, साडेसहाशे किलोच्या आसपास, पण त्याच्या लाकडात बारीक सिलिका असते, वाळूसारखी, ती धार खाते. म्हणून मशीनची तुलना सागात करू नका. चेन कुठली टिकते हे बघायचं असेल तर मात्र सागासारखं लाकूड नाही. फणसाचा चीक बार आणि चेनमध्ये गोंदासारखा बसतो, ओला फणस टेस्टला नको. नारळाचं खोड तर बाहेरून कडक आणि आतून भुसभुशीत, एकाच कटात दोन लाकडं, त्यावरून काही ठरवता येत नाही.

ओंडका तयार करणं

गोल ओंडक्यात एक अडचण असते, बुंध्याकडं जाडी जास्त आणि शेंड्याकडं कमी, म्हणजे पहिली चकती मोठी आणि दहावी लहान, मग सेकंदांची तुलना करणार कशी? सॉ मिलवर तीनही लाकडांचे ८ बाय ८ इंचाचे चौकोनी ठोकळे काढून घ्या, थोडे पैसे जातात पण काम चोख होतं. प्रत्येक कटाचं क्षेत्रफळ ६४ चौरस इंच, हिशोब सोपा. ठोकळ्यात गाठ असेल तर तिथं खडूनं फुली मारा, तिथं कट घ्यायचा नाही.

ओल मोजायला मीटर नसला तरी चालतं. पहिली चकती पडली की लगेच स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा. मग ओव्हनमध्ये १०० ते १०५ डिग्रीला, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत सुकवा. समजा ओली ६०० ग्रॅम होती आणि सुकून ४०० झाली, तर २०० ग्रॅम पाणी, म्हणजे सुक्या वजनाच्या ५० टक्के ओल. ताज्या लाकडात हा आकडा शंभरच्या वरही जातो, त्यात चूक काही नाही, पाणी लाकडापेक्षा जास्त आहे एवढाच अर्थ. दोन महिन्यांनी परत टेस्ट करणार असाल तर ही नोंद पाहिजेच, कारण तोपर्यंत ठोकळा वाळलेला असतो आणि वेळ वाढली ती मशीनमुळं की लाकडामुळं हे नाहीतर कळत नाही.

चेन, म्हणजे अर्धी टेस्ट

मी मनापासून सांगतो, दहातली सात मशीनं मॉडिफाय करायची गरजच नसते, कानस नीट मारली तर तीच मशीनं पळतात. म्हणून टेस्टच्या आधी चेनवर एक तास द्या.

चेनची पिच कशी ओळखायची, तर लागोपाठच्या तीन रिव्हेटचं अंतर मोजा आणि त्याचं निम्मं करा. ५८ सीसीच्या बऱ्याच मशीनांना ०.३२५ इंच पिच असते, तिला ४.८ मिमीची गोल कानस. ३/८ पिचला ५.२ किंवा ५.५ मिमी. लहान मशीनांची ३/८ लो प्रोफाइल असते तिला ४ मिमी. चुकीच्या जाडीची कानस मारली की दाताला वरून धार आल्यासारखी दिसते पण आतला कोन बिघडतो. कोन ३० डिग्री, सगळे दात सारखे, डावीकडं तीन घासे मारले तर उजवीकडंही तीनच. कानस एकाच दिशेनं, पुढं ढकलताना दाब, मागं आणताना उचलून. दाताच्या कोपऱ्यावर उजेड चमकला की समजायचं तिथं अजून बोथट आहे, धारदार कड उजेडात चमकत नाही. मी हे उन्हात बसून बघतो, घरातल्या बल्बखाली नीट कळत नाही.

मग दाताच्या पुढचा तो लहान उंचवटा, डेप्थ गेज. दात एका वेळी किती खोल लाकूड घेणार हे तो ठरवतो. दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली पाहिजे. काही लोक मशीन फास्ट व्हावं म्हणून तो चपट्या कानशीनं बराच खाली घासतात. सिल्व्हर ओकमध्ये त्याचा फायदा होतो, लांबलचक किस पडतो, बघायला छान वाटतं. पण मत्तीत तोच दात खोल घुसतो, इंजिनचा दम तुटतो, आरपीएम पडतो, आणि वर झटका बसायची भीती वाढते. म्हणजे चेनचा बदलसुद्धा एका लाकडात जिंकतो आणि दुसऱ्यात हरतो.

फुल चिझल म्हणजे चौकोनी कोपऱ्याचा दात, स्वच्छ लाकडात जलद, पण माती लागली की लगेच जातो. सेमी चिझल, गोल कोपऱ्याचा, थोडा हळू पण आपल्या धुळीच्या लाकडात टिकतो. टेस्टला कुठलीही घ्या, फक्त दोन्ही मशीनला तीच घ्या. कोरी चेन घेऊ नका, ती आधी अर्धी टाकी चालवून ताणून घ्या.

आता स्प्रॉकेट. याचा हिशोब एकदा समजला की कुणी फसवू शकत नाही. ०.३२५ पिचची चेन सात दाती स्प्रॉकेटवर एका फेऱ्यात ७ गुणिले २ गुणिले ०.३२५ म्हणजे ४.५५ इंच पळते. आठ दातीवर ५.२ इंच. समजा सात दातीवर कापताना आरपीएम ९००० राहतो. आठ दाती लावल्यावर तो ७८७५ पर्यंत पडला तर चेनचा वेग अगदी तेवढाच राहिला, फायदा शून्य. त्याच्याही खाली पडला तर तोटा. मऊ लाकडात आठ दाती बहुतेक फायद्यात राहतं, मत्तीत ५८ सीसीचं मशीन तेवढा आरपीएम टिकवत नाही, क्लच घसरायला लागतो. म्हणून आठ दाती लावलेलं मशीन नुसतं सावरीवर बघून विकत घेऊ नका.

पेट्रोल आणि ऑइल

दोन्ही टेस्टला एकाच कॅनमधलं मिश्रण. चांगलं टूटी, म्हणजे टू स्ट्रोकचं ऑइल असेल आणि मशीनच्या पुस्तकात लिहिलं असेल तर ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. बऱ्याच स्वस्त मशीनांना २५ ला १ सांगतात, लिटरला ४० मिली. ऑइल जास्त घातलं की मशीन सुरक्षित असं वाटतं, पण तेवढं पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, म्हणून मधेच प्रमाण बदललं तर ट्युनिंगही हललं असं समजा.

आता पंपावर ई२० पेट्रोल मिळतं, त्यात २० टक्के इथेनॉल, आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या ऊसातून ते बनतं त्यामुळं त्याला नावं ठेवायची नाहीत, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळं जुन्या पेट्रोलवर ट्युन केलेलं मशीन ई२० वर थोडं लीन चालतं, एच स्क्रू परत बघावा लागतो. आणि ते हवेतली ओल ओढतं, पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला कॅनचं झाकण सैल राहिलं तर पाणी खाली बसतं. पंधरा-वीस दिवसांपेक्षा जुनं मिश्रण टेस्टला वापरू नका.

कानानं आणि मोबाईलनं ट्युनिंग

आधी एअर फिल्टर साफ, चेन लावलेली, टाकी निम्मी, आणि मशीन पाच मिनिटं हलक्या कामावर तापवलेलं. एल स्क्रू (कमी आरपीएमचं पेट्रोल ठरवणारा) आणि आयडल असं ठेवा की सोडल्यावर मशीन चालू राहील पण चेन फिरणार नाही. मग पूर्ण थ्रॉटल द्या, दोन-तीन सेकंदच. एच स्क्रू बरोबर असेल तर मोकळं फिरताना आवाज थोडा फुटका, भरभर असा येतो, एकसारखा येत नाही. लाकडात घातलं की तो फुटका आवाज साफ होतो, आणि उचललं की परत फुटका. मोकळं फिरतानाच शिट्टीसारखा एकसुरी आवाज असेल तर लीन आहे, एच स्क्रू थोडा उघडा. काही नव्या मशीनांच्या कॉइलमध्ये आरपीएम अडवणारा लिमिटर असतो, तो आला की आवाज तसाच फुटका होतो आणि माणूस फसतो, म्हणून कानावर सगळं सोडू नका.

टॅकोमीटर नसेल तर मोबाईल आहे की. एक सिलिंडरचं टू स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेऱ्याला एकदा पेटतं, म्हणजे आवाजाची मूळ फ्रिक्वेन्सी गुणिले ६० बरोबर आरपीएम. आवाजाचा ग्राफ दाखवणारं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, मोबाईल दहा-बारा फुटांवर दगडावर ठेवा. ग्राफमध्ये १५० हर्ट्झला उंच टोक आलं तर ९००० आरपीएम, २०० ला आलं तर १२०००. कधी कधी दुप्पट आकड्यावर मोठं टोक दिसतं, तेव्हा त्याच्या निम्म्यावर दुसरं टोक आहे का बघा, खालचं खरं. कापतानाचा आकडा महत्त्वाचा, मोकळा आकडा नुसता मिरवायला. मोकळा १३५०० फिरणारं मशीन मत्तीत ७००० वर आलं तर त्याचं काय करायचं?

आता कापायचं

हेल्मेट, जाळी किंवा गॉगल, कानाला मफ, पायात जाड बूट, आणि मांडीवर चेनसॉचे चॅप्स. चॅप्स महाग वाटतात, पण त्यातले धागे चेनमध्ये गुंडाळून चेन थांबवतात, जीन्सची पँट थांबवत नाही. मॉडिफाय केलेल्या मशीनला मफ तर पाहिजेच, साधंच मशीन शंभर डेसिबलच्या वर जातं. आणि सायलेन्सर उघडताना ठिणगी अडवणारी जाळी काढून टाकली असेल तर परत बसवून घ्या. फेब्रुवारीपासून नागरगाळी, लोंढ्याच्या बाजूला जंगलात पाचोळा असा वाळलेला असतो की एक ठिणगी पुरते. टेस्ट मोकळ्या मातीवर, जवळ पाण्याची घागर भरून.

चेनचं ऑइल येतं का ते बघायला बारचं टोक पुठ्ठ्यावर धरून थोडं रेस करा, टोक टेकवायचं नाही. पुठ्ठ्यावर ऑइलची रेघ उठली पाहिजे. मॉडिफाय केल्यावर वेग वाढतो, रेघ बारीक असेल तर ऑइलर वाढवा. जळकं इंजिन ऑइल घालू नका, त्यात धातूचा बारीक कीस असतो, पंप खातो.

एक माणूस दोन्ही मशीन कापणार, दुसरा व्हिडिओ काढणार. हे बदलायचं नाही. मशीन दाबायचं नाही, त्याच्या वजनानं आणि खालच्या काट्यांवर टेकवून जेवढं जातं तेवढंच, कारण दाबानं आकडे पाहिजे तसे येतात. व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमवर ठेवा. चेन लाकडाला टेकली ती फ्रेम आणि चकती सुटली ती फ्रेम, मधल्या फ्रेम भागिले ६०, झाले सेकंद. स्टॉपवॉचनं बोट मागं-पुढं होतं, व्हिडिओत नाही.

क्रम असा ठेवा: साधं, मॉडिफाय, मॉडिफाय, साधं. म्हणजे दोन मशीनं असतील तर चेन एकावरून काढून दुसऱ्यावर घालायची, एकच असेल तर सायलेन्सर बदलून ट्युन करायचं, हो, कटकट आहे, पण दर कटाला धार थोडी थोडी कमी होते आणि हा क्रम ठेवला तर तो तोटा दोघांना सारखा वाटला जातो. आधी साध्याचे पाच कट आणि मग मॉडिफायचे पाच असं केलं तर दुसऱ्यावर अन्याय होतो. प्रत्येक वेळी तीन कट घ्या आणि मधला आकडा धरा. सुरुवात मऊ लाकडापासून, शेवट मत्तीनं, आणि मत्तीला जायच्या आधी चेन परत कानसून.

समजा सिल्व्हर ओकमध्ये साधं मशीन १० सेकंद आणि मॉडिफाय ८ सेकंद. ६४ भागिले १० म्हणजे सेकंदाला ६.४ चौरस इंच, दुसरं ८. पंचवीस टक्के फायदा, माणूस खूश. मत्तीत साधं १६ आणि मॉडिफाय १५ सेकंद. तिथं फायदा सात टक्क्यांच्या आतबाहेर. आता तुमचं रोजचं काम जर मत्ती-जांभळाचं असेल तर सात टक्क्यांसाठी जास्त पेट्रोल, जास्त आवाज आणि जास्त तापणारा पिस्टन घ्यायचा का, हे तुम्हीच ठरवा. उलट मऊ लाकडात फार फरक नाही पण मत्तीत पंधरा-वीस टक्के दिसला, तर समजा काम चांगलं झालंय, इंजिनला खरी ओढ आलीय. असं मशीन मी दोन पैसे जास्त देऊन घेईन.

पडलेला किसही हातात घेऊन बघा. जाड, चौकोनी तुकडे पडत असतील तर चेन बरोबर. पिठासारखा भुसा पडत असेल तर धार गेली, तिथून पुढचे आकडे खोडून टाका.

लांब टेस्ट, जी मी केली नव्हती

चकत्या झाल्या की मशीन घरी नेऊ नका. टाकी भरा, मत्ती किंवा वाळलेल्या बाभळीवर लांब लांब कट घ्या, पूर्ण टाकी संपेपर्यंत. दर कटानंतर दहा-पंधरा सेकंद आयडलवर ठेवा, गरम मशीन झटकन बंद करू नका. या वेळी कान उघडे: आवाज हळूहळू चढतोय, थ्रॉटल सोडलं तरी आरपीएम लगेच खाली येत नाही, लटकून राहतो, ही लीनची नाहीतर कुठून तरी हवा ओढत असल्याची खूण आहे. तिथंच थांबा. गॅस्केट काढलेल्या मशीनला सिलिंडरच्या खालून हवा ओढायची सवय लागते.

टाकी संपत आली की शेवटचा कट पूर्ण थ्रॉटलवर घेऊन तिथंच स्विच बंद करा, आयडलला न येऊ देता, फक्त एवढ्या एका वेळेला. थंड झाल्यावर प्लग काढा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरा, खडूसारखा असेल तर लीन, ओला-काळा असेल तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. मग सायलेन्सर काढून पिस्टन बघा, कडेला चकचकीत उभे पट्टे दिसले तर तिथंच काम थांबवा, तो पिस्टन अजून वाचतो. किती पेट्रोलमध्ये किती चकत्या झाल्या तेही लिहा, रोजंदारीवर मशीन चालवणाऱ्याला सेकंदांपेक्षा तो हिशोब जास्त लागतो.

घाट उतरणार असाल तर

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, हवा थोडी विरळ. इथं अचूक ट्युन केलेलं मशीन चोर्ल्यावरून गोव्यात काजूच्या बागेत कामाला नेलं की खाली हवा दाट, पेट्रोल तेवढंच, म्हणजे मशीन लीन. मॉडिफाय केलेल्या मशीनला आधीच कडेवर ट्युन केलेलं असतं, त्याला हा फरक झेपत नाही. खाली उतरल्यावर एच स्क्रू थोडा थोडा, एका वेळी फेऱ्याचा आठवा हिस्सा, उघडत जा, फुटका आवाज परत येईपर्यंत, आणि एक कट मारून प्लग बघा. वर आल्यावर परत मूळ जागेवर. मी स्क्रूच्या बाजूला प्लास्टिकवर मार्करनं दोन ठिपके दिलेत, वरचा बेळगावचा, खालचा गोव्याचा.